सोलमधली मावशी आणि पावसातले ज्यॉन

कोरियन भाषेत आईच्या बहिणीला ‘इमो’ म्हणतात, आणि खाणावळीत वाढणाऱ्या अनोळखी प्रौढ बाईलाही ‘इमो’ अशीच हाक मारतात. दक्षिण कोरियातल्या सुवन शहरात राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी मला हे सांगितले, आणि त्या क्षणी परक्या भाषेतला असा एक शब्द माझ्या हाती लागला की ज्याचा अर्थ मला घोकावा लागला नाही. आपणही भाजीवालीला, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला, शाळेत पाणी भरणाऱ्या बाईला मावशीच म्हणतो. कोरियनमध्ये आत्याला ‘गोमो’ असा वेगळा शब्द आहे, पण खाणावळीत कोणी ‘गोमो’ अशी हाक मारत नाही. पोटाला वाढणाऱ्या बाईसाठी नाते शोधायची वेळ आली तेव्हा दोन्ही भाषांना आईचीच बहीण आठवली, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात अशी एक इमो मला लाभली होती. घराजवळच्या गल्लीत तिची सहा टेबलांची खाणावळ होती. ऑफिसातून परतताना हाडे गोठवणाऱ्या थंडीत मी तिथे शिरले की ती आधी विचारायची, ‘‘बाप मॉगॉस्सॉ?’’ ‘बाप’ म्हणजे शिजवलेला भात, आणि जेवण या अर्थानेही तोच शब्द वापरतात. तेव्हा प्रश्न सरळ होता, ‘‘जेवलीस का?’’ खाणावळीत आलेल्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारायची तशी गरज नव्हती. पण आपल्याकडे दुपारी एखाद्याच्या दारात उभे राहिल्यावर ‘‘जेवण झाले का?’’ असे जसे पहिल्याच वाक्यात विचारले जाते, तसाच हा प्रश्न कोरियात भेटीगाठीत, फोनवर, जिन्यात सतत कानी पडतो. पुढे जागेचा करार संपला, इमोने खाणावळ बंद केली आणि तिथे कॉफीचे दुकान आले, जिथे दारातल्या यंत्रावर ऑर्डर द्यायची आणि क्रमांक पुकारला की कप उचलायचा. तेव्हापासून या शहरांत मी जिथे जेवायला जाते तिथे नकळत ‘इमो’ म्हणता येईल असे कोणी दिसते का ते शोधते.

हे सगळे सांगायचे कारण, गेल्या जुलैमध्ये आम्ही चौघीजणी सोलमधल्या सॉन्गसु-दोंग भागात एका नव्या, सध्या फार गाजत असलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. आमच्यातली सर्वांत मोठी ती वर उल्लेख केलेली सहकारी. स्त्रिया आपल्यापेक्षा मोठ्या मैत्रिणीला ‘ऑन्नी’, म्हणजे ताई, म्हणतात, म्हणून तिला इथे ऑन्नीच म्हणते. सर्वांत धाकटी कोरियन मैत्रीण माझ्या भाषावर्गामुळे ओळखीची झाली. गटातल्या धाकट्याला ‘माक्ने’ म्हणतात आणि टेबलावर चमचे-काड्या मांडणे, पाणी ओतणे ही कामे न सांगता माक्नेच्या वाट्याला येतात. चौथी माझी सांगलीची मैत्रीण, जी सुवनमध्ये पीएच.डी. करते आणि पूर्ण शाकाहारी आहे.

निमित्त पावसाचे होते. जूनच्या अखेरीपासून साधारण महिनाभर कोरियात ‘जांगमा’ नावाचा पावसाळा असतो. कोकणातल्या पावसापुढे तो काहीच नाही, पण दिवसच्या दिवस आभाळ भरलेले राहते आणि कपडे वाळत नाहीत. अशा दिवशी आपल्या घरात कढई चढते आणि कांदाभजीचा वास जिन्यापर्यंत येतो, तसा कोरियन माणसाला पाऊस पडला की ‘ज्यॉन’ आठवतो. ज्यॉन म्हणजे पिठात भाज्या, मासे किंवा मांस घालून तव्यावर भरपूर तेलात परतलेले जाड धिरडे. त्याच्याबरोबर ‘माक्गॉल्ली’ हे तांदूळ आंबवून केलेले दुधट मद्य पितात. तापल्या तेलात पीठ पडल्यावर होणारा चर्र आवाज पावसाच्या सरींसारखा ऐकू येतो म्हणून पावसात ज्यॉन खावासा वाटतो, असे इथले लोक अगदी मनापासून सांगतात. सकाळी ऑफिसच्या खिडकीवर थेंब वाजू लागताच ऑन्नीने आम्हा तिघींना संदेश पाठवला, ‘‘आज ज्यॉन.’’ त्यावर कोणी कशाला हा प्रश्न विचारला नाही.

सुवनहून आम्ही सुइन-बुंदांग मार्गाच्या गाडीने निघालो आणि सुमारे तासाभराने ‘सोल फॉरेस्ट’ स्थानकावर उतरलो. हे उद्यान २००५ मध्ये खुले झाले. त्याच्या पलीकडचा सॉन्गसु हा मूळचा कारखान्यांचा भाग: हाताने बूट शिवणारी कारागिरांची दुकाने, चामड्याची गोदामे, छापखाने, मोटारदुरुस्तीचे गाळे. लाल विटांच्या त्या इमारतींत गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॅफे, कपड्यांची दालने आणि रेस्टॉरंटे आली. आज सोलमधली तरुण मुले शनिवार-रविवारी सगळ्यांत आधी इथेच गर्दी करतात. भाडी इतकी भराभर चढू लागली की जुन्या दुकानदारांना हुसकून लावले जाऊ नये म्हणून सॉन्गदोंग या तिथल्या जिल्हा प्रशासनाला २०१५ मध्ये खास नियम करावा लागला. तरीही अजून एखाद्या गल्लीत, झगमगत्या दालनाला लागूनच, एखादे आजोबा दिव्याखाली मान घालून बुटाचा तळ ठोकताना दिसतात. त्या संध्याकाळीही मला असे एक आजोबा दिसले आणि ओल्या रस्त्यावर क्षणभर थांबून मी त्यांच्या हातोडीचा आवाज ऐकला.

रेस्टॉरंटच्या दारात एक टचस्क्रीन लावलेला होता. त्यावर फोन क्रमांक आणि माणसांची संख्या टाकली की काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग ॲपवर संदेश येतो, आणि आपल्या आधी किती गट आहेत ते दिसत राहते. आमच्या आधी सव्वीस गट होते. पावसामुळे सगळ्या शहराला एकाच वेळी ज्यॉन आठवला होता हे उघडच होते. आम्ही छत्र्या सांभाळत उद्यानाच्या कडेने फेऱ्या मारल्या, सांगलीच्या मैत्रिणीने घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू वाटले, आणि सव्वा तासाने आमचा क्रमांक लागला.

आतली जागा पूर्वी बुटांची कार्यशाळा होती. भिंतींचा गिलावा मुद्दाम काढून विटा उघड्या ठेवल्या होत्या आणि दाराशी चामडे शिवण्याचे एक जुने लोखंडी यंत्र तेलपाणी करून नीट ठेवले होते. ही जपणूक मला आवडली. मात्र टेबलावर बसताच मी सवयीने मान वळवून हाक मारण्याजोगे कोणी शोधले, तर तिथे हाकेची सोयच नव्हती. प्रत्येक टेबलाला एक टॅबलेट जोडलेला होता. पदार्थ त्यावर निवडायचे, पाणी हवे, जास्तीचे बांचान हवे, रुमाल हवेत, या सगळ्यांसाठी त्यावरच चित्रे होती. बांचान म्हणजे जेवणाबरोबर येणाऱ्या छोट्या वाट्यांतल्या भाज्या आणि लोणची. आपल्या ताटातली डावी बाजू म्हणा. त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपले की पुन्हा आणून देतात. ऑर्डर दिल्यावर पंचविशीतला एक मुलगा अदबीने येऊन वाट्या ठेवून गेला. तो नम्र होता, चपळ होता, आणि त्याला मामा म्हणण्याचे काही कारण नव्हते.

ऑन्नी म्हणाली की तिच्या मुलाच्या वयाची मुले आता ‘इमो’ म्हणतच नाहीत. कामाच्या ठिकाणी नात्याने हाक मारणे बऱ्याच बायकांना नकोसे वाटते, कारण नात्याच्या नावाखाली राबवून घेतले जाते, असेही तिने सांगितले. यात तथ्य आहे, आणि आपल्याकडेही घरकामाच्या बाईला मावशी म्हणणारे सगळेच तिला मावशीसारखे वागवतात असे नाही. मी हे मान्य केले. पण मला त्या टॅबलेटकडे पाहून जी हुरहूर वाटली तीही खरी होती.

आता शाकाहाराविषयी सविस्तर लिहिते, कारण कोरियात यायचा विचार करणारी मुले-मुली मला हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारतात. इथे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. पुष्कळ रश्शांचा पाया वाळवलेल्या छोट्या माशांच्या आणि समुद्री शेवाळाच्या पाण्याचा असतो. साध्या कोबीच्या किमचीतही खारवलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क पडतो. आणि हॅमला मांस समजायचे असते हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. सांगलीच्या मैत्रिणीला पहिल्या सहामाहीत एका ठिकाणी ‘यात मांस नाही’ असे खात्रीने सांगून टोफूचा रस्सा दिला गेला होता आणि तळाशी तिला चांदीसारखे चकाकणारे सहा-सात मासे दिसले होते. फसवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. वाढणाऱ्याच्या मनात मासा हा मांसात मोडतच नव्हता. ती त्या दिवशी काही न बोलता उठली आणि खोलीवर जाऊन तिने मेतकूट-भात खाल्ला. त्यानंतर बरेच दिवस ती कोणाबरोबर बाहेर जेवायला गेली नाही. मला यातला उपवास खुपला नाही, एकटेपणा खुपला. कोरियन जेवण एकट्याचे नसतेच. रस्सा मधोमध, वाट्या मधोमध, आणि प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःचा भात. ज्याला मधोमधचे चालत नाही, तो टेबलावर बसूनही टेबलाबाहेरच राहतो.

म्हणून ऑन्नीने ठिकाण निवडताना आधी फोन करून चौकशी केली होती, हे आम्हाला तिथे बसल्यावर कळले. तिने टॅबलेटवरून सर्वांत आधी ‘गाम्जाज्यॉन’ मागवला. गांगवॉन या डोंगराळ प्रांतात बटाटा भरपूर पिकतो आणि हा तिथला पदार्थ. बटाटे कच्चेच किसतात, कीस पिळून पाणी बाजूला ठेवतात, थोड्या वेळाने त्या पाण्याच्या तळाशी पांढरे सत्त्व बसते, वरचे पाणी ओतून टाकून ते सत्त्व पुन्हा किसात मिसळतात, मीठ घालतात आणि तव्यावर पसरतात. अस्सल पद्धतीत दुसरे पीठही लागत नाही. दगडी ताटलीत तो आला तेव्हा कडा जाळीदार, तांबूस आणि कुरकुरीत होत्या, तर मधला भाग जवळजवळ पारदर्शक आणि दाताला किंचित चिकटणारा होता. सांगलीच्या मैत्रिणीने पहिला घास घेतला आणि मराठीत माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘अगं, हे तर आईचे उपासाचे थालीपीठ आहे, नुसते जिरे आणि मिरची घालायची राहिली.’’ मी ते भाषांतर करून सांगितले. त्यावर ऑन्नीने उपासाला बटाटा का चालतो, भात का चालत नाही, असे विचारले आणि पुढची दहा मिनिटे आम्ही दोघी एकादशीला काय चालते आणि काय चालत नाही हे कोरियनमध्ये समजावून सांगण्याची शिकस्त करत होतो. ऑन्नीने मग सांगितले की त्यांच्या बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असतात. चातुर्मासात माझ्या आजीच्या घरी कांदा-लसणाची टोपली माळ्यावर जात असे, हे मला त्या लाल विटांच्या भिंतींमध्ये लख्ख आठवले.

त्यापाठोपाठ ‘बिंदेत्तॉक’ आले, म्हणजे भिजवलेले मूग वाटून केलेले जाड धिरडे. मूग इथेही भिजवून सालपटे काढतात आणि जुन्या पद्धतीने जात्यावर ओलेच दळतात. एरवी त्यात डुकराचे मांस घालतात, पण आमच्या टेबलावरचे मोड आलेल्या मुगाचे आणि नेचाच्या कोवळ्या कोंबांचे होते. बाकी तिघींसाठी पातीचा कांदा आणि माकूळ घातलेला पाज्यॉन आला. त्याची ताटली ऑन्नीने मुद्दाम दूरच्या टोकाला ठेवली आणि त्याच्यासाठी वेगळ्या काड्या मागवल्या. हे तिने इतक्या सहजपणे केले की कोणाला त्याची दखलही घ्यावी लागली नाही.

ज्यॉन खाता खाता ऑन्नी तिच्या आईविषयी बोलली. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबले तेव्हा आई लहान होती. त्या काळात आणि पुढची कितीतरी वर्षे अमेरिकेतून मदत म्हणून गहू येत असे; तांदूळ अपुरा होता, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने लोकांना पिठाचे पदार्थ खाण्याचा आग्रह धरला, खाणावळींत ठरावीक दिवशी भात वाढण्यावर बंदी आणली, आणि माक्गॉल्लीसाठी तांदूळ वापरायलाही मनाई केली. त्यामुळे ऑन्नीच्या आईच्या आठवणीतला ज्यॉन चैनीचा नाही, टंचाईचा आहे: मदतीच्या पिठात परसातली पात कापून घातलेला. मी तिला सांगितले की आमच्याकडेही अमेरिकेतून धान्य येत असे. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि माझ्या आजोबांनी तो सोमवार पुढे आयुष्यभर पाळला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आजीला इतका नकोसा झाला होता की त्याचे नाव काढले तरी ती विषय बदलत असे. ऑन्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने माझ्या ताटलीत बिंदेत्तॉकचा एक मोठा तुकडा ठेवला.

माक्गॉल्लीच्या बाबतीत मात्र काळ पार पालटला आहे. घरी मद्य गाळण्याची परवानगी कोरियात १९९५ मध्ये पुन्हा मिळाली, २०२१ मध्ये माक्गॉल्ली बनवण्याच्या कलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला गेला, आणि ज्याला एके काळी शेतमजुरांचे पेय म्हणून शहरी लोक नाके मुरडत, ते आता सॉन्गसुसारख्या भागात गावोगावच्या छोट्या भट्ट्यांची नावे वाचून निवडले जाते. इथे एवढेच नमूद करते की मी एक वाटी घेतली, ती ताकासारखी आंबट-गोड लागली, आणि वाटी खाली ठेवण्याआधी ढवळली नाही तर तांदळाचा साका तळाशी बसतो.

सांगण्यासारखे आहे ते ओतण्याविषयी. कोरियात स्वतःची वाटी स्वतः भरत नाहीत. आपण दुसऱ्याची भरायची आणि आपली कोणीतरी भरेल यावर विसंबायचे. मोठ्या माणसाला ओतताना किंवा त्याच्याकडून घेताना दोन्ही हात लावायचे, आणि पिताना मान जराशी बाजूला वळवायची. मोठे कोण हे ठरवायला वय माहीत हवे, म्हणून पहिल्याच भेटीत वय विचारतात. २८ जून २०२३ पासून कायद्याने बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय पद्धतीचे वय मोजू लागले आणि कागदोपत्री साऱ्या देशाचे वय एक-दोन वर्षांनी कमी झाले, पण ऑन्नी कोण आणि माक्ने कोण हे त्याने बदलले नाही. सांगलीची मैत्रीण मद्य घेत नाही. तिच्यासाठी ‘ओमिजा’ या लाल फळांचे सरबत मागवले होते. नावाचाच अर्थ पाच चवींचे फळ. माक्नेने ते सरबत माक्गॉल्लीसाठी होती तशाच मातीच्या वाटीत, तसेच दोन्ही हातांनी किटली धरून ओतले, आणि वाट्या एकमेकींना टेकवताना तिच्या वाटीत काय आहे याने काहीच फरक पडला नाही. पहिल्या सहामाहीतल्या त्या टोफूच्या रश्शानंतर मी तिला कोरियन टेबलावर इतकी मोकळी झालेली पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळचा जो क्षण माझ्या मनात घर करून राहिला आहे, तो तर याहून लहान आहे. बांचानमध्ये ‘केन्निप’ होते. नावाचा शब्दशः अर्थ तिळाचे पान, पण ही वनस्पती तिळाची नाही, तुळशीच्या कुळातली आहे. पान तळहाताएवढे, कडा करवतीसारख्या, आणि वास असा उग्र की पहिल्यांदा दचकायला होते आणि तिसऱ्यांदा त्याची ओढ लागते. ही पाने सोयाबीनच्या सॉसमध्ये थराथराने मुरवतात. मुरलेली पाने एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि एक पान उचलायला जावे तर चार-पाच एकदम येतात. ती खूप खारट असतात, म्हणून एकच पान उचलायचे आणि भाताच्या घासाभोवती गुंडाळायचे, अशी रीत आहे. इथल्या काड्या स्टीलच्या, चपट्या आणि निसरड्या. त्यांनी ओले पान सुटे करणे मला अजूनही जमत नाही. सांगलीच्या मैत्रिणीने दोनदा प्रयत्न केला. पान फाटत होते आणि ती संकोचून हात मागे घेणार होती, तेवढ्यात समोरून ऑन्नीच्या काड्या आल्या आणि त्यांनी खालचे पान अलगद दाबून धरले. वरचे पान सुटून आले. ऑन्नीचे लक्ष तेव्हा माक्नेच्या बोलण्याकडे होते. तिने वाटीकडे पाहिलेही नव्हते, किंवा पाहिले असेल तर ते आम्हाला कळू दिले नाही.

माक्नेने मग आम्हाला सांगितले की काही वर्षांपूर्वी या पानांवरून देशभर वाद रंगला होता. आपला प्रियकर आपल्याच मैत्रिणीला असे पान सुटे करायला मदत करू लागला तर ते चालेल का, यावर टीव्हीवरच्या कार्यक्रमांपासून घरोघरच्या जेवणापर्यंत लोक तावातावाने बोलत होते. बाहेरच्या माणसाला हा वाद क्षुल्लक वाटेल. मला त्या वाटीकडे पाहताना तो पूर्णपणे समजला. कोणाला काय अडले आहे हे न सांगता ओळखणे आणि न बोलता आपला हात पुढे करणे, हे इथे जवळिकीचे काम मानले जाते, आणि म्हणूनच ते कोणासाठी करावे याबद्दल लोक इतके हळवे आहेत. मला आठवले की माझी मावशी माशाचा काटा काढून तुकडा माझ्या भातावर ठेवायची आणि तेव्हाही तिचे बोलणे दुसऱ्याच कोणाशी चाललेले असायचे.

शेवटी भात आला. तापलेल्या दगडी भांड्यातला भात वाट्यांत काढून घेतला की भांड्याच्या तळाशी खरवड राहते. तिला ‘नुरुंग्जी’ म्हणतात. तिच्यावर गरम पाणी ओतून झाकण ठेवले, आणि जेवण आटोपेपर्यंत त्याची खमंग, पातळ पेज तयार झाली. आपल्याकडे खरवडीवरून भावंडांत भांडणे होतात; इथे मात्र ती चौघींनी एकाच भांड्यातून आळीपाळीने चमच्याने संपवली.

बिलाच्या वेळी जे झाले ते कोणत्याही मराठी घरातल्या माणसाला सांगायला नको. तरुण मुले आता फोनवरून सारखे भाग करून पैसे देतात, आणि माक्नेने फोन काढलाही होता. पण हात धुवायला जाते असे सांगून उठलेली ऑन्नी परस्पर पैसे भरून आली. मी रागावले, तिचा दंड धरला, पाकीट तिच्या पिशवीत कोंबायचा प्रयत्न केला; तिने मला मोठ्या बहिणीच्या अधिकाराने गप्प केले. दुसरी फेरी, म्हणजे जेवणानंतर दुसऱ्या ठिकाणी जाऊन घ्यायची कॉफी, माझ्या पैशांनी होईल या अटीवर मी माघार घेतली.

बाहेर पडताना वाटेत स्वयंपाकघराची खिडकी लागली. जेवताना ती आमच्या पाठीमागे होती, म्हणून दिसली नव्हती. आत भल्या मोठ्या सपाट तव्यापुढे साठीच्या पुढची एक बाई उभी होती. डोक्याला फडके बांधलेले, कोपरापर्यंत पिठाचे शिंतोडे, दोन्ही हातांत दोन उलथनी. आम्ही जे सगळे खाल्ले होते ते या बाईंच्या हातचे होते, आणि टॅबलेटवर पदार्थ निवडताना तव्यापाशी कोणी माणूस उभा असेल हे आमच्या मनातही आले नव्हते. सांगलीची मैत्रीण थांबली. तिचे कोरियन अजून कच्चे आहे आणि ती अनोळखी माणसांशी बोलायला बिचकते, पण ती खिडकीपाशी गेली, वाकली आणि म्हणाली, ‘‘इमो, जाल मॉगॉस्सुम्निदा.’’ मावशी, पोटभर जेवले.

बाईंनी तव्यावरचे धिरडे आधी उलटले, मग मान वर केली. दुकानातला तो नम्र मुलगा दारात उभा राहून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘‘त्तो ओसेयो’’ म्हणत होता, म्हणजे ‘‘पुन्हा या’’. बाईंनी घाम पुसला, तिच्याकडे नीट पाहिले आणि फक्त एवढेच म्हणाल्या, ‘‘त्तो वा.’’

पुन्हा ये.

बाहेर पाऊस तसाच होता, आणि छत्री उघडायच्या आधी तिने मला दोनदा विचारले की त्या ‘ओसेयो’ म्हणाल्या की ‘वा’. मी तिला दोन्ही वेळा सांगितले, ‘वा’.